तबकडीतल्या हिराबाई

हल्ली जुन्या रेकॉर्ड्सना पुन्हा चांगले दिवस आले आहेत. आपल्या माळ्यावर धूळ खात पडलेली ती काळी तबकडी आता परदेशात ऐटीत विकली जाते. अमेरिकेत तर २०२२ साली, १९८७ नंतर पहिल्यांदाच, सीडींपेक्षा व्हिनाइलच्या रेकॉर्ड्स जास्त नगांनी खपल्या. त्यातही शौकिनांसाठी म्हणून वेगळ्या आवृत्त्या निघतात. जाडजूड, १८० ग्रॅम वजनाची तबकडी, मूळ टेपवरून नव्याने घेतलेला आवाज, सुबक वेष्टन आणि चांगलीच चढी किंमत! बिली हॉलिडे या अमेरिकन गायिकेचा ‘लेडी इन सॅटिन’ हा १९५८ मधला अल्बम असाच पुन्हा पुन्हा निघत असतो. तिचा आवाज तेव्हा थकला होता, चिरफाळला होता. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४४व्या वर्षी ती गेली. पण त्या थकलेल्या आवाजातली प्रेमभंगाची गाणी ऐकायला लोक आजही पैसे मोजतात.

अशा गाण्यांना इंग्रजीत टॉर्च साँग म्हणतात. निघून गेलेल्या माणसासाठी मनात मशाल तेवत ठेवणारीचं गाणं. आपल्याला हे काही नवं नाही. विराण्या, ठुमऱ्या, भावगीतं यांत तेच तर आहे. मग माझ्या मनात आलं, आपल्याकडे अशी आवृत्ती कुणाची निघावी? माझ्यापुरतं उत्तर लगेच मिळालं. हिराबाई बडोदेकरांची!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या आई-आजीने हे नाव आदराने घेतलेलं तुम्ही ऐकलं असेल. ‘उपवनी गात कोकिळा’ हे त्यांचं गाणं एके काळी घराघरांत वाजत होतं. डोक्यावरून घेतलेला पदर, शांत चेहरा, समोर बघून संथपणे लावलेला षड्ज. हिराबाई म्हटलं की हे चित्र डोळ्यांपुढे येतं. आवाज इतका मऊ की, या बाईला आयुष्यात कधी काही सोसावं लागलं असेल असं वाटूच नये. पण त्या मऊ आवाजामागची गोष्ट मऊ नाही. ती मला आज सांगायची आहे. आणि ती सुरू होते हिराबाईंच्या आईपासून.

बडोद्याच्या दरबारातले एक सरदार मारुतीराव माने. त्यांची मुलगी ताराबाई. दरबारात उस्ताद अब्दुल करीम खाँ नावाचे तरुण गवई आले आणि ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागल्या. गुरू मुसलमान, शिष्या सरदारघराण्यातली. दोघांनी एकत्र राहायचं ठरवलं आणि बडोदं सोडलं. आधी मुंबई, मग मिरज. तो काळ कुठला, तर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा! आजही अशा लग्नावरून घरात काय गहजब होतो, हे आपण बघतोच. ताराबाईंनी तो निर्णय सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला.

या जोडप्याला पाच मुलं झाली. त्यातली दुसरी म्हणजे आपल्या हिराबाई. जन्म मिरजेचा, मे १९०५ मधला. नाव ठेवलं चंपाकली. घरात सूर पाण्यासारखा वाहत होता. करीम खाँसाहेब किराणा घराण्याचे मोठे गायक, त्यांनी १९१३ मध्ये आपल्या पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. शिष्य घरातच राहायचे, शिकायचे. मुलांच्या कानावर सकाळ-संध्याकाळ रियाज पडायचा. अशा घरात मुलांना गाणं वेगळं शिकवावंच लागत नाही.

आणि मग हे घर मोडलं.

१९२० च्या सुमारास ताराबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. पाचही मुलांना बरोबर घेऊन बाहेर पडल्या. एवढंच करून त्या थांबल्या नाहीत. मुलांची नावंही त्यांनी बदलली. थोरला अब्दुल रेहमान सुरेशबाबू माने झाला. चंपाकलीची हिराबाई झाली. गुलाबची कमलाबाई, सकीनाची सरस्वती. धाकट्या मुलाचं नाव कृष्णराव. ‘बडोदेकर’ हे आडनावही वडिलांचं नाही की नवऱ्याचं नाही. ते आईच्या गावाचं आहे.

मी गेली काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायकांबरोबर काम करते. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, बँकेचं खातं, प्रत्येक ठिकाणी मुलांच्या नावापुढे काय लावायचं हा प्रश्न त्यांना पडतो. किती अर्ज लिहावे लागतात, किती खेटे घालावे लागतात! म्हणून ताराबाईंच्या या नावं बदलण्याकडे मला नुसता राग म्हणून बघता येत नाही. पाच मुलं घेऊन समाजात उभं राहायचं, तर ती कोण म्हणून उभी राहणार, याचं उत्तर त्यांना हवं होतं. ते त्यांनी स्वतः ठरवलं. त्यात त्या मुलांचं काय सुटलं असेल, वडील, वडिलांची शिकवणी, बालपणाची नावं, तेही विसरून चालणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला एका दिवसात नवं नाव घेऊन वावरणं सोपं नसतंच.

वडिलांकडून शिकायचं राहिलं ते थोरल्या भावाने भरून काढलं. सुरेशबाबूंना खाँसाहेबांची तालीम मिळालेली होती. ते हिराबाईंचे गुरू झाले. शिवाय किराणा घराण्यातलेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ त्यांना शिकवत. वहीद खाँना ऐकू कमी यायचं, म्हणून लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. त्यांची पद्धत अगदी संथ. एकेका स्वराशी थांबायचं, त्याच्या आजूबाजूला फिरायचं, मग पुढच्या स्वराकडे जायचं. एक राग तासन्‌ तास चालायचा. ही धीराची तालीम हिराबाईंच्या गळ्यात मुरली.

मुंबईत पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाची संगीत परिषद भरत असे. तिथे पंधरा-सोळा वर्षांच्या हिराबाई पहिल्यांदा जाणकारांपुढे गायल्या. पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. तिकीट लावून शास्त्रीय गाण्याची मैफल करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री-गायिका म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं.

आज आपण ऑनलाइन तिकीट काढून सवाई गंधर्व महोत्सवाला जातो. त्यामुळे यात एवढं काय, असं वाटेल. पण तेव्हाची परिस्थिती बघा ना. गाणारी बाई म्हणजे कोठ्यावरची किंवा श्रीमंताच्या दिवाणखान्यातली, असंच समीकरण होतं. तिच्या गाण्याबरोबर अदा आल्या, हातवारे आले, ऐकणाऱ्याची नजर आली. पैसे कुणाच्या तरी मर्जीने मिळायचे. घरंदाज बाईने गाणं ऐकायला जायचं नाही, मग म्हणणं तर लांबच राहिलं. हिराबाईंनी काय केलं, तर पुरुष गवयांसारखी स्वस्थ बैठक मारली आणि नुसतं गायल्या. अदा नाही, हावभाव नाही. ज्याला ऐकायचंय त्याने तिकीट काढावं आणि खुर्चीत बसून ऐकावं. तिकिटाने गायिका आणि श्रोता यांच्यात एक अंतर घातलं आणि त्या अंतराने तिला प्रतिष्ठा दिली. यजमानाची मर्जी संपली, मेहनताना आला. नवऱ्याबरोबर बायको, आईबरोबर मुलगी सभागृहात येऊन बसू शकली.

पण सगळ्याच बायकांना सभागृहात येता येत नव्हतं. त्यांच्याकडे हिराबाई आल्या तबकडीतून!

भारतात गाण्यांचं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झालं. कोलकात्याला गौहर जान यांनी पहिल्या काही रेकॉर्ड्स दिल्या. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जिवाच्या आकांताने गायचं. गाणं संपलं की स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत आणि तिथल्या कामगारांना कुठलं गाणं कुणाचं हे कळायला हवं ना! १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि ओरडण्याची गरज संपली. हिराबाईंसारख्या हळुवार आवाजाला हा बदल फार मानवला. त्यांचा सूर न ताणता, आहे तसा पकडला जाऊ लागला.

त्या लाखेच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घ्यायच्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. ज्या मुलीला वहीद खाँनी एका रागात तासन्‌ तास थांबायला शिकवलं, तिला आता तीन मिनिटांत राग उभा करायचा होता. आलाप, बंदिश, ताना आणि समेवर येऊन संपवणं, सगळं तेवढ्यात. हे काम किती अवघड, हे स्वयंपाकघरातल्या बाईला वेगळं सांगायला नको. दहा माणसांचा स्वयंपाक वीस मिनिटांत करायचा आणि तरी घाई केल्यासारखा लागता कामा नये! हिराबाईंच्या त्या तीन मिनिटांत घाई कुठेही ऐकू येत नाही. हेच मला त्यांचं सगळ्यात मोठं कौशल्य वाटतं.

ग्रामोफोनला चावी द्यायची, पिन बदलायची, तबकडी लावायची. एकदा पैसे देऊन तबकडी घरात आली की माजघरातली बाईसुद्धा ऐकू शकायची. पदर सावरायला नको, कुणाची परवानगी नको. पुन्हा पुन्हा लावून शब्द पाठ करता यायचे, जागा घोटता यायच्या. ज्यांना गाणं शिकवायला गुरू मिळणं शक्य नव्हतं अशा किती मुलींची पहिली गुरू ही तबकडीच असेल. तबकडीची ताकद काय असते, ते हिराबाईंच्या वडिलांच्याच बाबतीत बघा. करीम खाँसाहेबांची ठुमरी दुकानातल्या ग्रामोफोनवर ऐकून गदगचा एक मुलगा असा वेडावला की गाणं शिकायला वयाच्या अकराव्या वर्षी घरातून पळाला. ते भीमसेन जोशी!

हिराबाईंचं नाव होत होतं, तेव्हाच या भावंडांनी नाटक कंपनी काढली. नूतन संगीत विद्यालय ही त्यांची संस्था आणि तिची नाट्यशाखा. त्या वेळी रंगभूमीवर बालगंधर्वांचं राज्य होतं. स्त्री-भूमिका पुरुषांनी करायची, हीच रीत. लोकांच्या डोळ्यांना तीच सवय. अशा वेळी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये सुभद्रा म्हणून हिराबाई उभ्या राहिल्या. बाईची भूमिका बाईनेच करायची, तीही पुरुष नटांच्या बरोबरीने. बहिणीही कंपनीत होत्या. धाकट्या सरस्वतीबाई तर लहान वयातच रंगमंचावर आल्या.

नाटक चाललं, पण कंपनी चालली नाही. बोलपट आले आणि संगीत नाटकांचा प्रेक्षक तिकडे वळला. मोठमोठ्या कंपन्या बुडाल्या, तिथे या भावंडांचं काय घेऊन बसलात! कंपनी बंद झाली आणि डोक्यावर कर्ज राहिलं. ते फेडायची जबाबदारी हिराबाईंनी घेतली. गावोगाव मैफली केल्या. रेल्वेचा प्रवास, रात्रीची जागरणं, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. गात गात कर्ज फेडलं. आपण ज्यांना ऐकताना इतकं शांत वाटतं, त्या बाई त्या वेळी आकड्यांचा हिशेब डोक्यात घेऊन गात होत्या. गळा हेच घरातलं एकमेव भांडवल आणि तो बसला तर सगळंच बसणार, ही भीती पोटात घेऊन.

याच काळात, १९३७ साली करीम खाँसाहेब गेले. दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना, मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर. ताटातूट झाली तेव्हा चंपाकली किशोरवयात होती. आता ती हिराबाई बडोदेकर म्हणून देशभर माहीत झाली होती. त्यांच्या आणि वडिलांच्या तबकड्या एकाच दुकानात, एकाच फळीवर असायच्या. दोघांचं गाणं लागोपाठ ऐका. सुराला अलगद हात लावण्याची रीत तीच, स्वर लांबवताना येणारी व्याकूळता तीच. नाव बदलता येतं, आडनाव बदलता येतं. सूर मात्र वडिलांचा राहिला, आणि तो तसाच राहू द्यायला ताराबाईंनीही हरकत घेतली नाही. नाहीतर मुलांचं गाणंच त्यांनी बंद केलं असतं.

पुढचा प्रवास बहुतेकांना माहीत आहे. ‘प्रतिभा’सारख्या चित्रपटात त्या दिसल्या. सरस्वतीबाई राणे यांच्याबरोबर त्यांनी ख्यालाची जुगलबंदी केली. दोन बहिणी एकत्र बसून ख्याल गाताहेत, हे त्या काळी अपूर्वच होतं. १९५३ मध्ये भारताचं सांस्कृतिक शिष्टमंडळ चीनला गेलं, त्यात त्या होत्या. त्याच वर्षी सुरेशबाबू गेले. भाऊ आणि गुरू एकदमच गेला. सुरेशबाबूंकडे शिकणाऱ्या पुण्याच्या प्रभा अत्रे यांना पुढे हिराबाईंनी शिकवलं. हुबळीच्या गंगूबाई हनगल त्यांना मोठ्या बहिणीसारखं मानायच्या. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आता त्यांच्या विरहाच्या गाण्यांबद्दल. बिली हॉलिडेच्या गाण्यात जखम उघडी दिसते. आवाज फाटतो, शब्द अडखळतो आणि ते काळजाला भिडतं. हिराबाईंचं तसं नाही. त्यांच्या ठुमरीत, भावगीतात दुःख आहे, पण रडणं नाही. आवाज कुठे थरथरत नाही. एखादी बाई सगळं आवरून, दिवा लावून, उंबऱ्याशी शांत बसली आहे आणि मग जे आहे ते सांगते आहे, असं वाटतं. काहींना हे फार सोज्ज्वळ वाटतं, भावना कमी वाटते. मला उलट वाटतं. ज्या बाईकडे अख्खं घर बघत असतं, तिला मोडून पडायची मुभा नसते. तिचं दुःख असंच नीटनेटकं येतं. आपल्या आजवर बघितलेल्या कितीतरी बायका आठवून बघा.

आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत मी एकदा हिराबाईंचं गाणं मोबाइलवर लावलं आणि ताराबाईंची गोष्ट सांगितली. गाणं ऐकून झाल्यावर काही जणी गप्प बसल्या, काहींना जुनं गाणं म्हणून कंटाळाही आला. पण पोळ्या लाटायची कामं करून तीन मुली वाढवणाऱ्या एकीने जो प्रश्न विचारला तो गाण्याबद्दल नव्हताच. घर सोडल्यावर ती बाई पाच पोरांना घेऊन राहिली कुठे आणि त्यांनी खाल्लं काय, हे तिला हवं होतं. मोठमोठ्या लेखांत हा प्रश्न क्वचितच येतो. तिने तो पहिल्या दमात विचारला. त्याचं उत्तर एकाच शब्दात देता येतं. गाणं. ताराबाईंच्या पोरांनी गाणं खाल्लं. शिकवण्या, मैफली, नाटक, तबकड्या यांवर ते घर उभं राहिलं. पुढच्या बैठकीला तीच बाई आपल्या थोरल्या मुलीला घेऊन आली. मुलगी शाळेत गाते, असं तिने हळूच सांगितलं. आधी कधी बोलली नव्हती.

म्हणून मला वाटतं, हिराबाईंच्या जुन्या तबकड्या नव्याने, नीट काळजी घेऊन पुन्हा निघाव्यात. मधल्या काळात त्या आधी एलपीवर आल्या, मग कॅसेटवर, सीडीवर. आता फोनवरही मिळतात. एलपीमुळे एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली आणि राग थोडा ऐसपैस गाता आला, हे छानच. पण ७८ फेऱ्यांच्या त्या मूळ तीन मिनिटांची सर वेगळी.

हे काम जिकिरीचं असतं. आधी चांगल्या स्थितीतली मूळ तबकडी शोधायची, ती धुवायची, तिच्या खाचेला जुळेल अशा जाडीची सुई वापरायची. तबकडीचा वेग अचूक ठेवायचा. वेग थोडा जरी वाढला तरी पट्टी चढते आणि आवाज चिरका, पोरकट होतो. कमी झाला तर तोच आवाज जड, सुस्त वाटतो. मग येते खरखर. संगणकावर ती काढता येते, पण फार सोवळेपणा केला की खरखरीबरोबर तानपुऱ्याची झंकारही जाते, गायिकेने घेतलेला श्वासही जातो. राहतो तो प्लास्टिकसारखा गुळगुळीत आवाज. धुण्याचं असंच असतं. डाग जायला हवा, पण रंग टिकायला हवा. थोडी खरखर राहिली तर बिघडलं कुठे? आजीच्या हातावरच्या सुरकुत्या आपण इस्त्री करून काढत नाही.

आणि तुमच्या घरी माळ्यावर अशा तबकड्या असतील तर कृपा करून त्या भंगारात देऊ नका. त्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हात ठेवू नका. लाखेची तबकडी स्पिरिटने तर मुळीच पुसू नका, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि गाणंच पुसलं जातं. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढली तरी पुरे. वाजवायचं साधन नसेल तर एखाद्या संग्राहकाला दाखवा. न जाणो, दुसरीकडे कुठेच नसलेलं एखादं गाणं तुमच्या पत्र्याच्या ट्रंकेत असेल.

अशी आवृत्ती कधी निघालीच, तर तिच्या वेष्टनावर काय छापावं, हेही माझ्या मनात आहे. रागाचं नाव हवं, साल हवं, तबला आणि पेटीवर कोण होतं ते कळत असेल तर तेही हवं. साथीदारांची नावं जुन्या तबकड्यांवर सहसा नसायचीच. सुरेशबाबूंचं आणि वहीद खाँचं नाव गुरू म्हणून हवं. करीम खाँसाहेबांचंही हवं, कारण त्यांचा सूर त्यात आहे. आणि या सगळ्यांच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरांत, ताराबाई माने हे नाव हवं. त्या तबकडीवर त्यांचा आवाज नाही. पण त्या पाच मुलांना घेऊन उंबऱ्याबाहेर पडल्या नसत्या, तर तबकडीवर हिराबाई बडोदेकर हे नाव कुणी वाचलं नसतं.